सोमवारची सही

"यादी चौकात लावा! त्या मल्लेशला मी काल दुपारी या डोळ्यांनी बघितलंय, शाळेच्या भिंतीला टेकून, हातात चॉकलेटची पिशवी!"

ओरडणारा मी होतो. आजवर कुणाला सांगितलं नाही, तुम्हाला सांगतो — पिशवी नव्हती. भिंतही नव्हती. त्या दुपारी मल्लेश कारखान्यात माझ्या शेजारच्या मागावर तुटलेले धागे गाठत होता.

मी कोण? सोलापूरच्या उन्हात कोंबडी उकडलेलंच अंडं घालते, हे शपथेवर सांगणारा माणूस. माझ्या तोंडून शेळी निघाली की चौक ओलांडेपर्यंत तिची म्हैस होते. लोक हसतात, चहा पाजतात. त्याला खोटं कोण म्हणतं?

मल्लेश काही साधू नव्हता. राधाक्काच्या लेकीवर ती लहान असताना अत्याचार करून तुरुंगात गेलेला. शेवटची थोडी शिक्षा माफ झाली ती अटीवर — गाव सोडायचं नाही, दर सोमवारी चौकीत सही. राधाक्का टॉवेलांच्या कडा शिवते. सोमवारी हातातलं काम टाकून ती चौकीत जायची, ती सही स्वतः बघायची, आणि मगच लेकीला आठवडाभर एकटीनं कॉलेजला जाऊ द्यायची. हे मला ठाऊक होतं. ऐकताय ना? ठाऊक होतं.

मी ओरडलो त्या दिवशी समाजमंदिरात एक वकीलबाई आल्या होत्या. अशा माणसांवर पाळत ठेवायच्या कायद्याचा फेरविचार चाललाय, लोकांचं मत हवंय — त्यांच्या नावांची यादी पोलिसांपुरती ठेवावी की उघड करावी? लोक अंगावर गेले तर असा माणूस पळतो, बाई बारीक आवाजात सांगत होत्या, मग पाळत कुणावर ठेवणार? लोक पेंगत होते. आणि मी? एवढी गर्दी, पण माझ्याकडे बघणारं कुणी नाही — तेवढंच मला सोसेना. बास. एवढ्यासाठी.

पिशवीची गोष्ट काढली तशी पेंगणारे ताठ झाले. मागून एक जण म्हणाला, "व्हय की, मीबी बघितलंय!" मी आत्ता रचलेलं त्यानं बघितलं होतं! असा आनंद मला लग्नातही झाला नव्हता.

सभा तशीच उठून मल्लेशच्या खोलीवर गेली. दारावर पहिली लाथ माझी. धागे गाठणारी त्याची बोटं कुणीतरी उंबऱ्यावर चपलेखाली चेचली. तो एवढंच म्हणाला, "दादा, तू तर माझ्याशेजारीच होतास की." मी हसलो — मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असा.

दुसऱ्या दिवशी खोली रिकामी.

सोमवारी मी चौकीपाशी जाऊन उभा राहिलो. शाबासकी घ्यायला, दुसरं काय? राधाक्का आली. हवालदारांनी वही उघडली. मल्लेशच्या नावापुढची जागा कोरी.

"अक्का, हाकलला बघा त्याला!" मी म्हणालो. "आता शंभर कोसांत फिरकायचा न्हाय!"

तिनं माझ्याकडं बघितलंही नाही. वही मिटून टेबलावर ठेवली.

"हितं होता तवा कुटं हाय ते कळत तरी होतं," ती म्हणाली. "आता पोरगी घरातच बसंल."