चौथीचा वर्ग

जमिनीच्या नकाशासाठी कचेरीत खेटे घालून मी आधीच वैतागलो होतो. काळ्या दगडाच्या कमानीखाली बसलेला म्हातारा शिपाई म्हणाला, “चौथीच्या वर्गात जा.” मला वाटलं, चेष्टा करतोय.

पण निजामाच्या काळातली ही घोड्यांची पागा पुढं शाळा झाली होती, आणि शाळा हलल्यावर कचेरी. हा शिपाई शाळेच्या वेळचाच; खोल्या अजून वर्गांच्या नावानंच सांगायचा. घोडे बांधायच्या लोखंडी कडीला तेव्हा तो घंटा टांगायचा. आता तिथं त्याच्या डब्याची पिशवी होती.

संध्याकाळी कचेरी रिकामी झाली. तो हललाच नाही.

“घरी नाही जायचं, काका?”

त्यानं कडीकडं पाहिलं.

“मी घंटा दिली की पोरं धूम पळायची,” तो म्हणाला. “त्यांच्या घरी माणसं व्हती, साहेब.”