दुखत होते हात, डॉक्टर बघत होत्या तोंड

"तुम्हाला रुमॅटॉइड आर्थरायटिस आहे, आजी," उल्हासनगरच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "यात शरीराचं सैन्य चुकून आपल्याच सांध्यांवर चालून जातं." मग म्हणाल्या, "आता तोंड उघडा."

मी सुनेकडे पाहिलं. सुजलेली बोटं दाखवायला आले, आणि ही बाई दात मोजणार?

बोटांवर माझं सगळं चालतं. उल्हासनगरच्या कॅम्प पाचमधल्या कारखान्यांतून शिवलेल्या जीन्सचे गठ्ठे मोरिवलीला आमच्या घरी येतात, त्यांचे लोंबते धागे मी कापते. चार महिने कात्रीच्या कड्यात अंगठा जात नव्हता. परत जाईल का, एवढंच मला विचारायचं होतं.

"हिरड्यांतून रक्त येतं?"

"लग्नापासून येतं," मी ऐटीत सांगितलं.

तेव्हाची मी म्हणजे महाशहाणी. दिवसातून दोनदा मिश्री घासायची. भाजलेला तंबाखूच तो. रक्त आलं की नळावरच्या बायकांना सांगायची, "वाईट रक्त गेलं, बरं झालं." सून ब्रश घेऊन नांदायला आली, तर तिला म्हटलं, "तोंडात झाडू मारतेस का गं?"

मग डॉक्टरीणबाईंनी सांगितलं म्हणून दातांच्या डॉक्टरांकडे गेलो. हिरड्या दातांपासून सुटल्या होत्या. त्याला पेरिओडॉन्टायटिस म्हणतात. त्या फटीतले जंतू शरीरातल्या प्रथिनांचं रूप बदलू शकतात, मग सैन्याला घरचेच परके वाटतात. "सगळा दोष हिरड्यांचा नाही," ते म्हणाले, "पण हिरड्यांचं आणि सांध्यांच्या दुखण्याचं नातं आहे."

खुर्चीत बसल्या बसल्या मी जिभेने दाढा चाचपल्या. डोळ्यांना न दिसणारा जीव दाढेशी बसतो आणि लढाई बोटांत पेटते. एवढा कारभार माझ्या आत चाललेला, आणि मला पत्ता नाही.

आठवड्यातून एकदाच घ्यायची गोळी सुरू झाली. रक्ततपासण्या झाल्या, हिरड्या बधिर करून खालची सफाई झाली. मिश्री सुटली, तो आठवडा घरच्यांनी कसा काढला त्यांनाच ठाऊक. ब्रश तर मुठीत धरवेना. सुनेने दांड्याला जीन्सची चिंधी गुंडाळून गाठ मारली. "घ्या आई, तुमचा झाडू."

बायांनो, ते वाईट रक्त नसतं. सकाळी बोटं आखडत असतील, तर डॉक्टरांना हिरड्यांचंही सांगा.

सात महिने झाले. बोटं पूर्वीसारखी नाहीत, पण कात्री चालते. परवा ब्रशची चिंधी मैली दिसली. सून गाठ सोडायला आली, तिला म्हटलं, थांब. गाठ घट्ट होती. माझ्या बोटांनी सुटली, आणि मी कितीतरी वेळ हातांकडेच बघत बसले.