वाफ्यात न चाललेले बूट

आमच्याकडे मीठ पायाने पिकत असे. पाऊस संपला की खाडीकाठच्या वाफ्यांतलं साचलेलं पाणी काढायचं आणि तळाची माती दिवसचे दिवस तुडवायची. माणसं एकमेकांच्या कमरेत हात घालून ओळीने उभी राहत आणि टाचा आपटत एका चालीने पुढे सरकत. माती घट्ट बसली तर पुढे उन्हाळ्यात मीठ पांढरंशुभ्र निघे. कुठे एखादी जागा पोकळ राहिली, तर तिथून चिखल वर येई आणि वाफाच्या वाफा मळून जाई.

ओळीच्या टोकाला आमचा बा असे. ओळ त्याच्या पायावर चाले. मध्येच तो थांबायचा, अंगठा मातीत दाबून बघायचा, आणि म्हणायचा, "हितं पोटात पानी हाय." की सगळी ओळ मागे फिरायची. वरून बघणाऱ्याला तिथे काही म्हणता काही दिसत नसे. मी लग्न झालेला, चांगला बापई गडी, पण मला ते कधी जमलं नाही. मी आपला टाचा आपटायचा धनी.

पुढे काही वर्षांनी मिठाचा सत्याग्रह झाला आणि मूठभर मीठ देशभर गाजलं. गाजावं, माझं काही म्हणणं नाही. पण मीठ करणाऱ्यांचे पाय कुणी बघितले नाहीत, याचा राग मला अजून येतो.

सत्याग्रहाआधीच्या एका हंगामात बाच्या तळपायात कालवाची शिंप घुसली. तेवढं कुणालाही होई. हळद भरायची, चिंधी बांधायची, दुसऱ्या दिवशी पुन्हा वाफ्यात. पण ही जखम मिटेना. खाऱ्या पाण्याने तिच्या कडा पांढऱ्या पडल्या आणि पाय घोट्यापर्यंत सुजला. चौलच्या वैद्यांनी पाय उन्हाकडे धरून पाहिला आणि सांगून टाकलं, "याला पुन्हा खारं पाणी लागलं तर अलिबागेला नेऊन पाय कापावा लागेल."

आय वैद्यांच्या ओटीवरच म्हणाली, "मला दोन पायांचा नवरा पायजे. मीठ गेला खाडीत."

मग मी रेवदंड्याच्या चांभाराकडे गेलो. एका साहेबाचे घोड्यावर बसायचे बूट दुरुस्तीला यायचे ते त्याच्याकडेच. गुडघ्याखालपर्यंत उंच, आत पाण्याचा थेंब जाणार नाही असे बूट त्याने उलटेपालटे करून पाहिलेले होते. माझं ऐकून घेतलं आणि रापी बाजूला ठेवून तो म्हणाला, "चामड्याचं आनि खाऱ्या पान्याचं वैर हाय, दादा. पन मोरी माशाचं तेल पाजून बघतो."

आता खरी अडचण आमच्याच माणसांची होती. वाफ्यात चामडं न्यायचं नाही, अशी आमच्यात सक्त रीत. मीठ म्हणजे लक्ष्मी, तिच्यावर चामडं कसं ठेवायचं? शिवाय वहाणेची टाच ओली माती फोडते, हेही होतंच. मी तुडवणाऱ्या माणसांशी भांडलो. लक्ष्मीला बाचा पाय हवाय काय, असं तोंडावर विचारलं. शेवटी त्यांच्यातला एक म्हातारा वैतागून म्हणाला, "व्हय रं बाबा, घाल त्याला बूट. पन माती फुटली तर बघ."

चांभाराने माती फुटू नये म्हणून टाच काढूनच टाकली. तळ एकसंध ठेवला, शिवण वर घेतली, दोऱ्याला मेण घासलं. माप घेताना त्याने बाला ओल्या मातीत पाऊल उमटवायला सांगितलं आणि त्या ठशावरून माप काढलं. त्या काळी त्याच्या हातचं पायात चालायचं, पण त्याचा हात पायाला चालत नसे. आमचीही अक्कल तेवढीच. पण बूट तयार करून चांभार बांधावर आला, तेव्हा सुजलेला पाय काही केल्या आत जाईना. बा म्हणाला, "धर तू. तुला ठाव कसा घालायचा." आणि सगळ्यांदेखत त्याने पाय चांभाराच्या मांडीवर ठेवला. चांभार क्षणभर थबकला. मग त्याने एखाद्या पोराला कपडे घालावेत तसा तो पाय आत सरकवला.

बा वाफ्यात उतरला. पाणी आत गेलं नाही, माती फुटली नाही. मला इतका आनंद झाला की मी चांभाराची पाठ थोपटली. ओळ चालू लागली.

दोन फेऱ्या झाल्या असतील. वळताना बाच्या शेजारचा गडी एकदम घोट्यापर्यंत मातीत रुतला. बा नुकताच जिथून गेला होता, तीच जागा. ओळ थांबली. बाने मागे येऊन त्या खळग्यावर पाऊल ठेवलं, दाबलं, पुन्हा दाबलं. बुटाच्या आत त्याचा अंगठा हलत असणार. त्याच्या तोंडावर जे आलं ते मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. आंधळ्या माणसासारखा तो उभा होता.

"काय कलंना," तो हळूच म्हणाला.

तो बांधावर आला आणि बसून त्याने बूट काढले. आमची सगळ्यांची खात्री झाली की आता हा अनवाणी उतरणार. कुणी त्याला अडवलं नसतं, मीसुद्धा नाही, हे लिहायला मला जड जातं. आय पेजेचं मडकं घेऊन बांधावर उभी होती. तिने मडकं खाली ठेवलं आणि नुसती त्याच्याकडे बघत राहिली. बा बराच वेळ उघड्या पायांकडे बघत बसला. मग त्याने बूट पुन्हा चढवले, या खेपेला स्वतःच, आणि बांधाने घराकडे चालू लागला. ओळीच्या टोकाला कुणी उभं राहायचं ते आम्हाला सुचेना. त्या दिवशी काम तिथेच थांबलं.

त्या साली आमचं मीठ मळकट निघालं. जखम मात्र भरली. उन्हाळ्याच्या सुमाराला सूज पार उतरली, नवी गुलाबी कातडी आली. पण वैद्यांनी बजावलं होतं, खारं पाणी जन्मात नाही. बा रोज बूट घालून बांधापर्यंत येई आणि आम्ही मीठ ओढत असू ते बघत बसे.

एकदा मीठ ओढून झाल्यावर मी त्याच्या शेजारी जाऊन बसलो. बूट काढून त्याने पाय उन्हात सोडले होते. जखमेचा मागमूस नव्हता. मला बरं वाटलं, चेष्टा करावीशी वाटली. म्हटलं, "बा, पाय तर नवऱ्या मुलासारखा झाला."

त्याने पाय जवळ ओढला, तळव्यावरून हात फिरवला.

"व्हय रं, बरा झाला," तो म्हणाला. "पन आता याचा मी काय करू?"