सात पंगती आणि माझी बुंदी

ताईचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, जिनिंगच्या शेडमध्ये झालं. त्या साली कापसाचं असं काही वाटोळं झालं होतं की शेड उन्हाळा लागायच्या आधीच रिकामं पडलं होतं. मला मात्र ना कापसाचं पडलं होतं ना ताईचं. मला बुंदी हवी होती. ती मोजकीच पाडली होती. पहिल्या बैठकीला बसेल त्याला मिळणार, मागून येणाऱ्यानं पातेलं खरवडावं. मी रडून-भेकून पहिल्या बैठकीत जागा मिळवली होती.

पत्रावळी मांडणार तोच नवरदेवाचे काका फुगले. मागे कुठल्याशा लग्नात त्यांना चपलांजवळच्या आखूड पंगतीत बसवलं होतं म्हणे. "आमच्या अन् तुमच्या पंगती सारख्याच लांब पाह्यजेत. अन् माणसं मिसळायची नाहीत! नाहीतर आम्ही उठलो."

पहिल्या बैठकीला ते अठ्ठेचाळीस, आम्ही छत्तीस. वाढपी थोडे, म्हणून बाबांना लांब पंगती हव्या होत्या. सोळा-सोळा बसवून पाहिले. त्यांचे नीट बसले, आमचे चार उरले. काका मिशा पिळत उभे. इकडे माझ्या पोटात कावळे कोकलत होते.

मी सहावीत होते. गणिताच्या सरांनी मसावि छडीनं शिकवला होता, त्यामुळे तो पक्का होता.

"बारा!" मी ओरडले. "दोन्ही आकड्यायले भाग जाणारा सगळ्यात मोठा बारा. त्यायच्या चार पंगती, आपल्या तीन!"

अन् बरोब्बर बसल्या की! "पोरगी हुशार हाये हो," काका म्हणाले. बाबा नुसते हसत सुटले. माझ्या पत्रावळीवर बुंदी पडली.

तेवढ्यात दारात गणिताचे सर! ढाणकीहून येणारी एसटी वाटेत बंद पडली होती. सरांना मागच्या बैठकीला थोडंच बसवता येतं? आमचे झाले सदतीस. काका परत उठून उभे राहिले.

सरांना सगळं सांगितलं, तर त्यांना चेवच आला. "काय वं पोरी, अठ्ठेचाळीस अन् सदतीस. आता सामाईक विभाजक किती?"

"एकच सर. एक."

"म्हंजे एकेका माणसाची पंगत?" बाबांनी कपाळाला हात लावला.

"मंग करावं काय?" सरांनी विचारलं.

उत्तर येत असताना गप्प बसायची अक्कल मला आजही नाही. "आपल्यातला एक माणूस उठवायचा!" मी म्हणाले.

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"शाब्बास," म्हणत सर माझ्या जागेवर बसले आणि मिटक्या मारत माझी बुंदी खाऊ लागले.