म्हसावदला मीठ

नंदुरबारला गाडीतून उतरलो तोच ठसका लागला. गावाच्या कडेला पथाऱ्यांवर (मिरच्या वाळवण्याची मैदाने) लाल मिरची पसरली होती. बायकोच्या वर्षश्राद्धासाठी तिच्या माहेरी, म्हसावदला निघालो होतो. डोळे पुसले, ते मिरचीमुळेच.

तापी ओलांडताना होडीत डबा उघडला. शेजारच्या शेतकऱ्याने हक्काने माझ्या भाजीचा घास घेतला आणि पाण्यात थुंकला.

"भाऊ, घरवालीसंगे भांडन शे का? मीठच नही टाकं तिनी!"

होडीभर हशा. मीही हसलो.

भाजी मीच केली होती. अर्धांगवायूने ती अंथरुणाला खिळली, वैद्याने तिचे मीठ तोडले. पुढे मी नवस बोललो, ती उठेपर्यंत मीही अळणी खाईन. ती उठलीच नाही. ती गेली आणि नवस मागे राहिला. लोक मला देवमाणूस म्हणू लागले.

म्हसावदला श्राद्धाचे विधी झाल्यावर सासूबाईंनी ताट वाढले. वांग्याचे भरीत, कळण्याची भाकरी (ज्वारी-उडदाची), ठेचा. मी ताट सरकवले.

"जावईबापू, पोर मन्ही मरनी. मीठना काय गुन्हा?"

"नवस आहे."

"ती ते गयी. आते कोनासाठे?"

तेव्हा कुणालाही न सांगितलेले बोलून गेलो. "तो प्रेमाचा नवस नव्हता. एकदा तिचे कपडे धुताना मनात आलं, ही सुटली तर मी सुटेन. त्याचा दंड म्हणून अळणी."

सासूबाईंचा भाकरी थापणारा हात थांबला नाही. "तुमना घर व्हतू तवय मी बी देवले हाईच मांगं, सुटू दे तिले. मी ते तिनी माय शे. तरी मी जेवस ना?



आज तुमी जे खाशात ते तिले पोचस. इतला वरीस अळनी खादं तिनी. आज बी तेच धाडतस का?"

मी घास घेतला. जीभ पोळली, घशात मीठ झोंबले. तिच्या नावाने पोटभर जेवलो.

परतताना होडीत त्यांनी बांधून दिलेली भाकरी सोडली. वर ठेचा होता. श्राद्ध कालच उरकले होते. हा घास आता तिला पोचणार नव्हता. मीच खायचा होता, माझ्यासाठी. कालच्या सगळ्या जेवणापेक्षा तो एक घास जड गेला. मनातला कडवटपणा मुळीच गेला नाही. पण पैलतीर येईपर्यंत भाकरी संपवली.