धुळ्याच्या बाईंची रेघ

धुळ्याच्या बाई घाबरल्या की पेन शोधायच्या. तपासणीचं पथक फाटकात आलं की आमच्या नशिराबादच्या शाळेत धावपळ उडे. कोणी कपाट उपसे, कोणी घटाघट पाणी पिई. बाई मात्र खिडकीजवळ बसून, खताच्या दुकानातून फुकट मिळालेल्या डायरीत चार ओळी लिहीत, खाली रेघ मारत आणि खडू घेऊन वर्गावर जात. शेजारच्या वर्गात मी गणित शिकवायचो, रक्तदाबाची गोळी खिशात ठेवून.

"एवढं काय लिहिता?" मी एकदा विचारलं.

"भीती वाटते ते. डोकामा ठेवं ते झोप येत नही, सर. मंग कागदवर ठेवी देस." बाई त्यांच्या अहिराणीत म्हणाल्या; डोक्यातलं कागदावर ठेवून द्यायच्या, एवढंच.

त्यांचा नवरा अंथरुणाला खिळलेला. तरी मधल्या सुट्टीत ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी मोडत बाई म्हणायच्या, "सर, तुमचा डबा आजही तसाच? भेंडीवर राग आहे की वहिनींवर?" सगळे हसायचे. माझ्या घरी सगळं धडधाकट होतं आणि घास मात्र त्यांच्या घशाखाली उतरायचा. हे मला सहन होईना.

मी मुख्याध्यापकांच्या कानावर घातलं, की बाई स्टाफरूममधलं सगळं टिपून ठेवतात, उद्या वर पाठवतील. झालं. बाईंनी डायरी काढली की कोणीतरी म्हणे, "हळू बोला, नोंद होतेय!" आठवड्याभरात डायरी पिशवीतून बाहेर यायची थांबली. पुढच्या तपासणीला बाईंच्या हातात खडू टिकेना. वर्ग सोडून त्या पायरीवर येऊन बसल्या, पदराने हात पुसत. मी ते पाहिलं. त्या दिवशी मी माझा डबा पूर्ण संपवला.

नंतर बदली मागून त्या धुळ्याला गेल्या.

गेल्या महिन्यात जळगावच्या डॉक्टरांनी मला सांगितलं, "गोळ्या वाढवण्यापेक्षा रोज मनातलं लिहा." मी घरी येऊन आधी बाईंना फोन लावला आणि एकदाचं सगळं सांगून टाकलं.

"ठाऊक होतं," त्या म्हणाल्या. "निरोपाच्या दिवशी मुख्याध्यापक बोलून गेले."

"मग मला काही बोलला का नाहीत?"

"इथं आल्यावर परत वही धरली ना. तुमचं पहिल्याच दिवशी लिहिलं. रेघ पण मारली. तुम्ही झोपता का हो नीट?"

मी फोन ठेवला.

मग वही उघडली. पहिल्या ओळीत बाईंची माफी मागितली. दुसऱ्या ओळीत खरं ते लिहिलं: त्यांची रेघ मारून झाली, याचाही मला हेवा वाटतो. खाली रेघ ओढायला पट्टी घेतली.

पट्टी अजून वहीतच आहे.