वहिनींनी अडवलेलं पाणी

वहिनी गेल्याचा फोन आला तेव्हा मी जालना रोडवर, करमाडच्या अलीकडं होतो. पुतणी मधुरा एवढंच म्हणाली, "काका, आई सकाळी बागेत गेली. पायरीवर बसली आणि…" त्याला आता दीड महिना झाला.

वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको. शाळेच्या कार्यालयात कारकून होत्या. दादा गेल्यावर पुंडलिकनगरच्या घरात एकट्या राहत. आजूबाजूच्या मोकळ्या प्लॉटवर इमारती आल्या, प्रत्येकीनं आपलं बोअर आणखी खोल नेलं आणि एका उन्हाळ्यात वहिनींचं बोअर कोरडं पडलं. नळाला आठवड्यानं पाणी. तरी अंगणातली झाडं त्यांनी जगवली. तांदूळ धुतलेलं पाणी, पाहुण्यानं पेल्यात सोडलेलं पाणी… सगळं झाडांच्या हातभर खोल आळ्यांत जायचं. मी अर्धा पेला ठेवला की म्हणत, "भावजी, तेवढं सीताफळाला घालून या. दुष्काळाच्या बातम्या नुसत्या लिहायच्याच का?"

मधुराला रत्नागिरीजवळ नोकरी लागली आणि ती आईला सोबत घेऊन गेली. इथलं घर विकायचं ठरलं, कागदांचं काम माझ्याकडं आलं. वहिनींनी एकच अट घातली. "तिथं माझ्या हातचं एक झाड लागू द्या. मग करते सही." अट सोपी वाटली. समुद्राजवळचा मुलूख, ना कडक ऊन, ना थंडी. वहिनींनी इथून सीताफळाची तीन रोपं पिशवीत घालून नेली.

पहिल्याच पावसाळ्यात तिन्ही कुजली. तिथल्या लाल मातीतही त्यांनी पुंडलिकनगरसारखीच आळी खणली होती. पाऊस थांबेना, आळी तुडुंब. शेजारच्या काकू कुंपणावरून म्हणाल्या, "तळी खणलीत होय? मग म्हशी कधी आणताय?" वहिनींनी मला फोन केला. "बाई म्हणतात, आळं फोडा, पाण्याला वाट द्या. चांगलं पाणी सोडून द्यायचं? मला नाय होत ते, भावजी." पागोळ्यांखाली त्या बादल्या लावत. भरलेलं पाणी ठेवायला जागा नसे, म्हणून ओतत आणि पुन्हा लावत. मधुरा वैतागायची. मला दिवसातून दोनदा फोन… इथं नळ आला का, टँकर कुठवर आलाय, घराचं कुलूप नीट आहे ना. मी घराकडं न जाताच "आहे" म्हणून मोकळा व्हायचो.

पुढच्या वर्षी मी एस.टी.नं आणखी दोन रोपं पाठवली. पावसाळ्यात एका दुपारी वहिनींचा फोन आला. "फोडलं," म्हणाल्या. खुरप्यानं एका आळ्याची कड उघडली होती. "उभी राहून बघत होते हो… कुणी घरातलं धान्य रस्त्यावर ओतावं, तसं वाटलं." दुसरं आळं त्यांच्यानं फोडवलं नाही, ते रोप गेलं. पहिलं जगलं.

दिवाळीनंतर मी कागद घेऊन गेलो. झाड गुडघ्याएवढं, नवी पालवी. वहिनींनी कारकुनी सवयीनं प्रत्येक ओळ वाचली आणि पेनाचं टोपण परत लावलं.

"अजून एक उन्हाळा निघू द्या."

"वहिनी, झाड लागलं की आता."

"लागलं. त्याला परत जायला घर नव्हतं, भावजी."

मी चिडलो. घेणारा थांबणार नाही, तुमच्यापायी मी किती चकरा मारायच्या, असं बोललो. त्यांनी फक्त विचारलं, "चहा टाकू?" मी नको म्हणालो आणि निघालो. ती आमची शेवटची भेट.

दिवसकार्य झाल्यावर मधुरा म्हणाली, "काका, आता विकून टाका." मी हो म्हणालो. आता तिचीच सही लागेल, आणि ती द्यायला तयार आहे. नवा घेणाराही मिळाला आहे. पण पाण्याच्या दिवशी मी पुंडलिकनगरला जातो. रिकाम्या घराची टाकी भरतो, अंगणात पाणी घालतो, ते जिरेपर्यंत थांबतो. कशासाठी, ते मला नीट सांगता येत नाही. गेल्या खेपेला मी तिथं असतानाच घेणाऱ्याचा फोन आला, घर बघायला लगेच येतो म्हणाला. मी त्याला सांगितलं, आज नको, आज नळाला पाणी आहे.